आव्होचं वाचन

आव्होला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने त्या गावात पस्तीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. दर रविवारी चर्चमध्ये ती प्रार्थनेचं पुस्तक दोन्ही हातांत धरून बसायची आणि शेजारच्या बाईने पान उलटलं की लगोलग आपलंही उलटायची. डॉक्टरकडे फॉर्म भरायची वेळ आली की तिचा चष्मा नेमका घरी राहिलेला असायचा. सख्ख्या भाचीला, जी त्याच घरात दोन मजले वर राहायची, तिलाही पत्ता नव्हता. मला कळलं ते तिने स्वतः सांगितलं म्हणून. आणि मलाच का सांगितलं, ते ऐकून मला आधी रागच आला होता.

२००१ च्या शेवटी आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या हडसनला राहायला आलो. आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी तिकडे श्रूजबरीत, कार्पेटवाल्या अपार्टमेंटांत राहायची. पॉटलकची एकत्र जेवणं, गणपती, मुलांचे मराठीचे वर्ग सगळं तिकडेच. आम्हाला मात्र ऑफिसजवळ आणि जरा स्वस्तात जागा हवी होती, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुहासने, एका तीन मजली लाकडी घरातला मधला मजला घेतला. वरच्या मजल्यावर घरमालकीण लीना, आणि तळमजल्यावर लीनाची मावशी, म्हणजे आमची आव्हो. आळीत बहुतेक घरं पोर्तुगीजांची होती. अंगणात द्राक्षाचा वेल आणि हिरव्या पानांचा कोबी, कोपऱ्यावर त्यांची बेकरी. मावशीबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, कायम काळ्या कपड्यांत. उभा जन्म बुटांच्या कारखान्यात शिलाई तपासण्यात गेलेला.

आव्हो म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आळीतली सगळी पोरं तिला तसंच म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. पुढे सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी आले तेव्हा या नावाने जी धमाल उडवली ती विचारू नका. सासूबाई सासऱ्यांना अर्थातच 'अहो' म्हणायच्या, आणि सासऱ्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे मागच्या जिन्यात उभं राहून त्या खड्या आवाजात "अहो" अशी हाक मारायच्या. सासरे ढिम्म. पण खालून आव्हो पदर नसलेल्या ॲप्रनला हात पुसत, गुडघे धरत, एकेक पायरी चढून हजर. पहिल्यांदा सासूबाई ओशाळल्या. दुसऱ्यांदा त्यांनी तिला चहा दिला. पंधरा दिवसांनी तर चहा गाळायची वेळ झाली की त्या मुद्दामच 'अहो' म्हणायच्या, आणि आमचे सासरे म्हणायचे, नक्की कुणाला बोलावतेयस ते तरी सांग. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. तरी सासूबाई परत जाताना आव्होच्या गळ्यात पडून रडल्या.

पण हे नंतरचं. आधी वाचनाचं सांगते.

मी मूळची साताऱ्याची. तिथे सहा वर्षं पहिलीच्या वर्गावर शिक्षिका होते, आणि इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. दिवसभर करायचं काय? लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि मागच्या पायरीवर बसून वाचायची. आव्हो कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघत असायची. एक दिवस तिने विचारलं, तुला पोर्तुगीज येतं का? म्हटलं, नाही. एकही शब्द नाही? म्हटलं, नाही हो, एकही नाही. ती म्हणाली, "मग ये." मला आत नेऊन तिने दार लावून घेतलं, पेटीतल्या चादरींखालून चार पुस्तकं काढली आणि तिच्या त्या कारखान्यात शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं की मला वाचता येत नाही, तू वाच. मी म्हटलं, अगं, पण मला यातलं काय कळणार? ती म्हणाली, "तुला कळत नाही म्हणूनच तू."

आता सांगा, डी.एड.ला जिल्ह्यात पहिली आलेली बाई मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी माझ्या अडाणीपणासाठी काम देत होतं. तोंड पाडून घरी आले. पण मग कळलं, लीनाला सांगितलं तर सगळ्या आळीला कळेल, पाद्रीबाबांना सांगितलं तर चर्चला. शिवाय त्या पुस्तकांत काय लिहिलंय हे तिच्याआधी दुसऱ्या कुणाला कळायला नको होतं. कारण ती तिच्या मुलाची होती.

मिगेल सहा वर्षांचा असताना त्याला पोर्तुगालात स्वतःच्या आईपाशी ठेवून आव्हो अमेरिकेला आली होती. दोन वर्षांत घेऊन जाते म्हणाली होती. नवरा आधीच परागंदा. इकडे कागदपत्रं अडली, मग ती आजारी पडली, मग पुन्हा कागदपत्रं. सगळं जुळून आलं तेव्हा पोरगा पंधराचा झाला होता, आणि त्याने यायला साफ नकार दिला. आता तो चाळिशीचा होता, लिस्बनला राहायचा आणि कॉमिकची पुस्तकं काढायचा. नाताळला फोन करायचा. शेवटचं, निळ्या मुखपृष्ठाचं जाडजूड पुस्तक पाठवल्यावर मात्र त्याने मुद्दाम उन्हाळ्यात फोन केला आणि विचारलं, कसं वाटलं? आव्हो बिचारी काय सांगणार? तिने सांगितलं, "कागद फार चांगला आहे." त्यानंतर वर्ष झालं, त्याचा फोन आला नव्हता. नाताळसुद्धा कोरडा गेला. त्या पुस्तकात तो आपल्याबद्दल काय म्हणालाय, एवढंच तिला हवं होतं. मुखपृष्ठावरच्या चित्रातलं घर आपल्या आईचं आहे, दारात उभी असलेली म्हातारी आपली आई आहे, हे तिने कधीच ओळखलं होतं. म्हणूनच ते पुस्तक उघडायची तिला छाती होत नव्हती. आधी बाकीची तीन वाचू, म्हणाली.

कॉमिक म्हटल्यावर मला वाटलं, ढिशुम-ढिशुम असेल, नाहीतर हसायचं असेल. ही पुस्तकं उघडली तर त्यांत हसायला काहीच नाही. हिरो नाही, मारामारी नाही. एका बाईची अख्खी गोष्ट अशी, की ती पहाटेच्या बसने शहरात जाऊन मोठ्या लोकांची ऑफिसं पुसते आणि ती माणसं यायच्या आधी निघून जाते. एक चाळ पाडतात, आणि उरलेल्या एकाच भिंतीवर कुणाचा तरी पडदा लटकत राहतो. एका पानावर तर बारा चौकटी, बाराही चौकटींत तेच स्वयंपाकघर आणि तोच म्हातारा. फक्त खिडकीतलं ऊन सरकतं. मी आव्होला म्हटलं, यात घडत काहीच नाही. ती म्हणाली, "वाट बघणं घडतंय की."

चित्रं बघायची तिची स्वतःची पद्धत होती. ती सगळ्यात आधी पायांकडे बघायची. कारखान्यात तीस वर्षं दुसरं केलंच नव्हतं. कुणाचा बूट झिजलाय, कुणाची टाच एका बाजूने गेलीय, यावरून ती माणूस सांगायची. ही बाई फार उभी राहते. हा दिवसभर चालतोय पण कुठे पोचत नाहीये. आणि मग हळूच म्हणायची, माझ्या मुलाला बूट चितारता येतात. तेवढ्यापुरतं तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी माझ्या वर्गातल्या पोरांच्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं.

वाचन कसं चालायचं ते ऐका. ती चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघालेल्या एकेका संवादाच्या फुग्यावर बोट ठेवायची. मी त्यातली अक्षरं मोठ्याने म्हणायची. मला अर्थ कळत नव्हता, तिला अक्षर कळत नव्हतं, दोघी मिळून एक वाचक. सुरुवातीला मी इंग्रजीसारखं वाचायची आणि तिला ओ की ठो कळायचं नाही. मग ती अंदाजाने खरा शब्द म्हणायची आणि मी तो पेन्सिलीने वर देवनागरीत लिहून घ्यायची. तिथून गाडी धावायला लागली. त्यांची भाषा नाकात बोलतात, आणि आपल्याकडे त्यासाठी अनुस्वार तयार आहे. इंग्रजीने घात केला होता, बाराखडीने तारलं. शेवटी मिगेलच्या पुस्तकांतले सगळे फुगे देवनागरीने भरून गेले. एखाद्या गोऱ्या माणसाच्या तोंडावर 'बटाटा' असं लिहिलेलं बघून सुहास पोट धरून हसला. पण बटाटा तिकडेही बटाटाच. पाव म्हणजे पांव. चावीला शाव्ह. असा एकेक शब्द भेटला की आम्ही दोघी सोनं सापडल्यासारखं करायचो.

तिला वाचायला शिकवावं असं मला वाटलं नसेल का? शिक्षकाची जात माझी. पाटी आणली, तिच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवायला दिलं. चार दिवस गिरवलं, पाचव्या दिवशी पाटी परत माझ्या हातात. म्हणाली, मला वाचायला शिकायचं नाही, मला मुलाचं ऐकायचंय, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. मी हात टेकले.

दुसऱ्या पुस्तकात एका बसड्रायव्हरची गोष्ट होती. त्याची नोकरी जाते आणि तो घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि एका बागेत बसून राहतो. आम्ही ती वाचत होतो तेव्हा सुहासचा ले-ऑफ होऊन तीन आठवडे झाले होते. सुहासने घरात काही लपवलं नव्हतं, मला माहीत होतं. पण श्रूजबरीच्या पॉटलकला त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की सध्या वर्क फ्रॉम होम करतो, आणि मीही मान डोलावली होती. डबा उघडून बसलेल्या त्या ड्रायव्हरचं चित्र बघितलं आणि मला रडूच कोसळलं. आव्होने पुस्तक मिटलं, कोबी-बटाट्याचं सूप आणून पुढ्यात ठेवलं. सुहासला पुढे दीड महिन्यांनी नोकरी मिळाली. आपण ज्याला किरकोळ दुःख म्हणतो, चारचौघांत ज्याचं नावही काढत नाही, ते कुणीतरी इतकं निगुतीने चितारून ठेवलंय याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटला. मिगेलला मी कधी भेटले नाही, पण तो माझा माणूस झाला.

आणि मग निळं पुस्तक उघडलं.

तोवर दीड वर्ष झालं होतं, आणि घोटाळा असा झाला होता की मला थोडं थोडं कळायला लागलं होतं. हे मी आव्होला सांगितलं नव्हतं. ज्यासाठी तिने मला निवडलं होतं तीच लायकी माझ्याकडे उरली नव्हती ना. निळ्या पुस्तकातल्या पंधराव्या-सोळाव्या पानावर शाळा आहे. नव्या बाई पोरांची माहिती लिहून घेतायत. एका मोठ्या चौकटीत पाच फुगे. मी चार वाचले. पाचवा छोट्या मिगेलच्या तोंडचा होता. त्यावर नजर गेली मात्र, मी पान उलटायला हात घातला.

आव्होचं बोट जागचं हललं नाही. म्हणाली, हा राहिला. मी म्हटलं, छपाई पुसट आहे, नीट लागत नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला कळायला लागलंय." मी मान खाली घातली. "वाच."

मी वाचलं. "आ मिन्या मांय मुर्रेव."

मांय म्हणजे माय. मुर्रेवमधला 'मर' कळायला साताऱ्याच्या बाईला डिक्शनरी लागत नाही. माझी आई मेली. सहा वर्षांचा पोरगा बाईंना सांगत होता, आणि त्याची आई इथे माझ्याशेजारी जिवंत बसून ऐकत होती.

 मला वाटलं आता ही पुस्तक फेकून देईल, नाहीतर मला हाकलून देईल. पण ती म्हणाली, "हुशार होता. आई टाकून गेली म्हटलं की पोरं चिडवतात. मेली म्हटलं की कुणी चिडवत नाही." मग मला ते परत एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाली, पुढे.

पुढे अमेरिकेतून पार्सलं येतात. दर नाताळला बूट, आव्होच्याच कारखान्यातले. मुलगा ते घालायला जातो आणि पाय आत जात नाही. दर वर्षी एक नंबर लहान, कारण आईला आठवतोय तो गेल्या वर्षीचा पाय. आजी ब्लेडने बुटांची पुढची बाजू कापते आणि पोराच्या हातून पत्र लिहून घेते, बूट छान बसले. हे ऐकलं मात्र, आणि जी बाई 'मेली' ऐकून हलली नव्हती ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. "मेली म्हणाला ते चालेल. बूट लहान होते हे मला कुणी सांगितलं का नाही?" तीस वर्षं तिने जगाच्या बुटांत चुका काढल्या होत्या, आणि चष्म्याचं निमित्त करून दुसऱ्यांकडून वाचून घेतलेल्या पत्रांत दर वर्षी ऐकलं होतं, बूट छान बसले. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

शेवटच्या पानावर एकच चौकट होती. टेलिफोन कानाला लावून बसलेला मोठा मिगेल, आणि एकच फुगा. "मांय, लेश्त?" मी आव्होकडे बघितलं. ती इंग्रजीत म्हणाली, "विचारतोय, आई, वाचलंस का?"

आणि हिने सांगितलं होतं, कागद चांगला आहे.

त्याच रविवारी दुपारी ती वर आली. फोन माझ्या स्वयंपाकघरातून करायचा होता, लीनाच्या कानावर जायला नको म्हणून. मी कॉलिंग कार्डावरचे नंबर दाबून दिले आणि बाहेर जायला निघाले तर तिने माझा हात धरून ठेवला. ती तीन-चार वाक्यंच बोलली. मला त्यातलं माझं नाव आणि एकच वाक्य कळलं, "नांव सेई लेर", मला वाचता येत नाही. पस्तीस वर्षं चर्चमध्ये पानं उलटणाऱ्या बाईने ते सरळ सांगून टाकलं.  मग तिने रिसीव्हर खाली ठेवला. म्हणाली, त्याने विचारलं कधीपासून, मी म्हटलं जन्मापासून. त्याने फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. नाताळ आला, गेला. माझ्या मनाला फार लागलं. गप्प बसून 'छपाई पुसट आहे' यावर अडून राहिले असते तर निदान मुलगा परत बोलेल ही तिची आशा तरी उरली असती, असं वाटायचं. आव्होने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट २००५ मध्ये सुहासला नॉर्थ कॅरोलिनात जॉब मिळाला आणि आम्ही तिथल्या कॅरीला जायला निघालो, तेव्हा गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, जा तू, तसंही तुला फार कळायला लागलं होतं, मला आता दुसरी अडाणी शोधायला हवी. हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तर साताऱ्याहून निघतानाही इतकी रडले नव्हते.

कॅरीत मला वर्क परमिट मिळालं, लायब्ररीत छोटीशी नोकरीही मिळाली. आव्होला महिन्यातून एकदा फोन करायचे. मिगेलचं काही? काही नाही. पुढे पुढे मी विचारणंच सोडलं.

२००८ च्या मार्चमध्ये लिस्बनचे शिक्के असलेलं एक पाकीट माझ्या नावाने आलं. आत मिगेलचं नवं पुस्तक होतं, चिठ्ठी नाही. माझा पत्ता त्याने लीनाकडून मागून घेतला होता, हे नंतर कळलं. मी पहिलं पान उघडलं, दुसरं, तिसरं, मग घाईघाईने शेवटापर्यंत चाळलं. एकशेचाळीस पानं, आणि त्यांत एकही फुगा नाही. अक्षर म्हणून नाही. दुकानांच्या पाट्यासुद्धा कोऱ्या. एका माणसाला अक्षरांवाचून सगळं सांगायला जवळजवळ चार वर्षं लागली होती.

संध्याकाळी फोन वाजला. आव्हो होती. हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाली, "पुस्तक घेऊन बस. आज मी वाचते."

आणि तिने वाचलं. सव्वा तास. मी कॅरीत सोफ्यावर पाय घेऊन बसले होते, ती हडसनला तिच्या टेबलाशी, तिला आलेली प्रत उघडून. पान किती ते ती सांगायची, चौकट सांगायची, आणि त्यातली माणसं काय बोलतायत ते सांगायची. न अडखळता, न थांबता. मध्येच मी घाईने पान उलटलं की आवाज ऐकून मला दटावायची. शेवटच्या चित्रात एक माणूस घराचं दार उघडून उभा आहे. समोर कोण आहे ते दिसत नाही, त्याचा चेहराही अर्धाच दिसतो. तिथे येऊन आव्हो थांबली. मी विचारलं, आव्हो, इथे काय लिहिलंय? ती म्हणाली, "इथे तो म्हणतोय, आत ये, माय."

मे महिन्यात ती लिस्बनला गेली. विमानतळावर लीना सोडायला गेली होती. तिने मला नंतर सांगितलं, मावशीने परतीचं तिकीट काढलंच नव्हतं.